चौथ्या वाफ्याचा मंत्र

पहिल्याच दिवशी मी वीसेक मुलींचा चहा केला, आणि तिथे बाईमाणूस एकच होतं.

झालं असं, की नव्या नोकरीवर हजर झालो तेव्हा तिथल्या मुख्य बागवान बाईंनी मला एक काम सांगितलं. साठीला टेकलेल्या माओरी बाई, पायांत गमबूट, आवाज शेताच्या पलीकडच्या गायींना ऐकू जाईल असा. म्हणाल्या, दहा वाजता मुलींना चहा द्यायचाय, तेवढं बघशील का. मी पुण्याचा. शेतीतलं काही कळत नसलं तरी चहातलं कळतं, अशी माझी समजूत. पिशवीत घरून आणलेलं आलं होतं, वेलची होती. स्टाफच्या फ्रिजमधलं होतं नव्हतं ते सगळं दूध मी पातेल्यात ओतलं, चहा चांगला उकळला, मिळतील तेवढे मग ट्रेमध्ये मांडले आणि तो ट्रे सांभाळत काचघरात शिरलो.

बाईंनी ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या हिरव्या रांगांकडे पाहिलं. मुली म्हणजे झाडं. गांजाच्या झाडांत औषधाच्या उपयोगाची ती मादीच. नर झाड दिसलं की उपटून टाकतात. म्हणून इथल्या सगळ्या मुली. आणि त्यांचा चहा म्हणजे मागच्या शेडमध्ये पिंपात बुडबुडणारं तपकिरी पाणी. बाईंनी माझा चहा दोन मग घेतला, छान झालाय म्हणाल्या, अगदी गंभीर चेहऱ्याने बाहेर गेल्या, आणि मग बाहेरून हसण्याचा जो आवाज आला तो बराच वेळ थांबला नाही.

मी मूळचा सॉफ्टवेअरवाला. ऑकलंडमधली नोकरी गेली, आणि बरेच महिने घरी बसून झाल्यावर हे काम मिळालं. मातीत ओलावा मोजणारे सेन्सर बसवायचे आणि पीक निघेपर्यंत ते सांभाळायचे. जागा घरापासून गाडीने अडीच तास उत्तरेला. सगळं रीतसर हो, औषधासाठीचा परवाना, कुंपणाला कॅमेरे, दाराला दोन कुलपं. पण मराठीत या पिकाला जो शब्द आहे तो एकच आहे, आणि तो काही आईला फोनवर सांगता येत नाही. तिला मी औषधी वनस्पती सांगितलं. तिने विचारलं, "अश्वगंधा का रे?" मी म्हटलं, त्यातलाच प्रकार.

बायकोची नोकरी ऑकलंडला, मुलीची शाळेची शेवटची वर्षं. त्यामुळे त्या दोघी हिल्सबरोच्या घरात, आणि मी सोमवार ते शुक्रवार शेताच्या कडेला एका केबिनमध्ये. केबिनमध्ये एक खाट, एक खिडकी आणि माझ्या आधी राहून गेलेल्या कुणाच्या तरी जांडल्स. माझ्या मापाच्या नव्हत्या, पण टाकवेनात. दारात दुसऱ्या कुणाच्या तरी चपला दिसल्या की बरं वाटायचं.

सेन्सर बसवायला किती वेळ लागणार. ते झालं आणि बाईंनी मला चहावर घेतलं, म्हणजे त्यांच्या चहावर. या लोकांची शेतीची पद्धत मला आधी अजब वाटली आणि मग फार ओळखीची वाटली. माती ते टाकून देत नाहीत. पीक निघालं की देठ कापायचे, मुळं आतच कुजू द्यायची, वर पेंढा आणि क्लोव्हरची हिरवळ, खाली गांडुळं, आणि त्याच वाफ्यात पुढची रोपं. झाडाला काही खायला घालायचं नाही. जे घालायचं ते मातीला. झाडाचं काय ते माती बघते. आमच्या घरी बाबांना काही सांगायचं असलं की आईला सांगायचो, तसंच हे. थेट बोललं की बिघडायचं.

चहा म्हणजे कॉम्फ्रीची पानं, हात लागला तर आग होणारं नेटल, किनाऱ्यावरून आणलेलं समुद्री शेवाळ, मूठभर गांडूळखत, आणि आतले जीव पोसायला काकवी. फिशटँकला लावतात तसला पंप रात्रंदिवस हवा सोडत असतो. पंप चालू असला की पिंपाला पावसानंतरच्या जंगलाचा वास येतो, बंद पडला की कशाचा येतो ते लिहीत नाही. एकदा काकवी संपली म्हणून मी हिल्सबरोहून आणलेला कोल्हापुरी गूळ घातला. बाईंनी बोटाने चाखून पाहिला आणि त्यानंतर काकवी कधी मागवलीच नाही.

वास मात्र मला चिकटला. पिकाचा एक आणि पिंपाचा एक, असे दोन. शुक्रवारी घरी पोचलो की बायको गॅरेजचं दार उघडायची, घराचं नाही. कपडे तिथे, मी थेट बाथरूममध्ये. मुलगी "स्वीट अ‍ॅझ, बाबा" म्हणायची, म्हणजे इथल्या भाषेत मस्त, आणि खिडकी उघडायची. पापाकुऱ्याला एकांकडे सत्यनारायणाला गेलो तर माझ्या शेजारची खुर्ची जेवण संपेपर्यंत रिकामी राहिली. एक गृहस्थ मात्र हात धुताना जवळ आले आणि हळूच म्हणाले, थोडं मिळेल का हो. त्या दिवशी माझ्याशी आपणहून बोललेला तो एकच माणूस.

केबिनमध्ये फोनला रेंज नसायची, म्हणून संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहायचो.

"जेवलास?"

"हो. खिचडी. तुम्ही?"

"आमचं व्हायचंय. सगळं ठीक ना?"

"ठीक. तिचा अभ्यास?"

"चाललाय. बरं मग."

तिकडे कुकरची शिट्टी ऐकू यायची, इथे टाकीत पाणी पडत असायचं. तेवढं ऐकत दोघंही थोडा वेळ फोन धरून असायचो, मग कुणीतरी ठेवायचं. जास्त काही सांगायचं तर ती म्हणाली असती, सोडून ये. आणि सोडून गेलो असतो तर घरात काळजी करायला एकाच्या जागी दोन माणसं झाली असती. शिवाय तिने सगळं घर एकटीने ओढायचं आणि मी झाडांत बसून रडगाणं गायचं, हे काही बरं दिसत नव्हतं. म्हणून आपलं, ठीक.

बोलणं अडून तरी किती दिवस राहणार. चौथा वाफा माझ्याकडे दिलेला होता. गुडघ्यावर बसून मुळाशी डब्याने चहा ओतता ओतता मी त्या झाडांशी बोलायला लागलो. सोमवार ते शुक्रवार मराठी कानावर पडायची ती टाकीपाशी तेवढीच, बाकीची ही अशी. आमच्यात बायकोला नावाने हाक मारायची रीत नाही. लग्नापासून आपलं "अगं". झाडंही मुलीच, तेव्हा तेच चालून गेलं. अगं, आज गुडघा दुखतोय. अगं, पोरीने या आठवड्यात एक मेसेज केला, त्यातही नुसता अंगठा. अगं, डेअरीत गेलो होतो, तो दुकानदार गुजराती निघाला, हिंदीत बोललो थोडं. आणि सगळं सांगून संपलं, डबा रिकामा झाला, की शेवटी एकच: करमत नाही गं.

या शब्दाला इंग्रजीत जागा नाही. लोन्ली म्हटलं की ऐकणाऱ्याला काहीतरी उपाय सुचवावा लागतो, क्लब सांगावा लागतो, डॉक्टरचा नंबर द्यावा लागतो. करमत नाही म्हटलं तर त्याने नुसतं "हं" म्हटलं तरी पुरतं. झाडं तेवढं उत्तम करायची.

बाई रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी कराकिया म्हणायच्या, म्हणजे त्यांची प्रार्थना. आम्ही सगळे मान खाली घालून उभे. एक दिवस त्या माझ्या मागे येऊन कधी थांबल्या ते मला कळलंच नाही. डबा रिकामा झाला, मी माझं शेवटचं वाक्य म्हटलं आणि वळलो तर बाई. त्यांनी हळू आवाजात विचारलं, ही तुझी कराकिया का? मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, त्यात कर्म आहे, मी ऐकलं, रोज ऐकते.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. साठीच्या बाईसमोर गुडघ्यांवर बसून, मला बायकोची आठवण येते आणि ती मी झाडाला सांगतोय, हे म्हणायला जे इंग्रजी लागतं ते मला येत नाही. वाटलं, विषय इथेच मिटेल. मिटतो कसला. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर मला सांगितलं की चहा ओतायच्या आधी तुझं म्हण. मी म्हटलं. आठवडाभरात त्या आणि बाकीचे दोघं कामगार माझ्या मागून म्हणायला लागले. "कारमट नाहिगा." डोळे मिटून, अगदी मनापासून. एका काचघरात चार माणसं हातात डबे घेऊन मातीवर तपकिरी पाणी ओततायत आणि एका सुरात सांगतायत की आम्हाला करमत नाही. त्यातल्या तिघांना उत्तम करमत होतं.

पीक चांगलं निघालं. तपासणीत स्वच्छ ठरलं, आणि चौथा वाफा सगळ्यांत दाट. बाई त्याचं श्रेय गुळाला आणि मंत्राला सारखंच द्यायच्या. मालकाने मला बोलावून कायमचं राहशील का विचारलं. सोमवारपर्यंत सांग म्हणाला.

हो म्हणजे शुक्रवार, गॅरेज, रविवार संध्याकाळ, पुन्हा टाकी. मुलीची शाळा संपेपर्यंत तरी दुसरं काही नाही. नाही म्हणजे घर, पण पुन्हा बिनकामाचं. आणि खरं सांगायचं तर ती माती मला आवडायला लागली होती. हात घातला तर आत कुणीतरी आहे असं वाटायचं. फोनवर मी बायकोला म्हटलं, तू म्हणशील तसं. हे वाक्य नवऱ्याने उदार मनाने म्हणायचं असतं आणि बायकोला त्याचा संताप यायचा असतो. ती म्हणाली, "मी येऊन बघते. असं काय आहे तिथे, ते तरी कळू दे."

त्या शुक्रवारी मी घरी गेलो नाही, शनिवारी ती आली. मुलगी नाही आली, तिला हीप्स ऑफ होमवर्क होतं. दारावर सही झाली, पाहुण्यांचा पांढरा कोट आणि डोक्याला जाळी मिळाली. बाई "किआ ओरा" म्हणत होंगीसाठी पुढे झाल्या, नाकाला नाक लावायला. तेवढ्यात बायको वयाचा मान म्हणून नमस्काराला वाकली. दोघींची डोकी आपटली आणि तिथून त्यांचं जमलं.

नवी रोपं लागली होती, गुडघ्याएवढी. बायकोने पेंढा बाजूला करून गांडुळं पाहिली, पिंपात डोकावली, गुळाची ढेप ओळखली. मग दहा वाजले. मी म्हटलं, आज राहू दे, ओलावा पुरेसा दिसतोय सेन्सरवर. बाई म्हणाल्या, पाहुणी आली आहे आणि मुलींना उपाशी ठेवतोस का. डबे भरले गेले. सगळे चौथ्या वाफ्याभोवती उभे राहिले, मी सोडून. बाईंनी डोळे मिटले आणि त्यांच्या त्या आवाजात सुरुवात केली. बाकीच्यांनी साथ दिली.

"कारमट नाहिगा."

पहिल्यांदा तिला कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती रोपांकडे बघत राहिली, आणि मी तिच्या डोक्यावरच्या जाळीकडे.

ओतून झाल्यावर बाई तिला म्हणाल्या, हा रोज म्हणतो, दिवसातून दहादा म्हणतो, पण अर्थ विचारला की कधी धड सांगत नाही. कर्माबद्दल काही आहे ना?

मला वाटलं, आता माझा मंत्र गेला, आणि त्याच्याबरोबर तोंड दाखवायची सोयही. बायकोने डोक्यावरची जाळी सारखी केली. मग तिने शांतपणे इंग्रजीत सांगितलं की हे फार जुनं आहे, आमच्या घरांतून पूर्वापार म्हणतात. जे माणूस जवळ असावं असं वाटतं त्याला म्हणायचं. बाईंनी छातीवर हात ठेवला. म्हणाल्या, वाटलंच होतं मला.

बायकोने विचारलं, मी एक डबा घालू का. तिला डबा दिला. कडेच्या एका रोपापाशी ती वाकली, पाणी हळूहळू मुळाशी सोडलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. मला ऐकू नाही आलं. ओठ दिसले तेवढे.

दुपारी निघताना ती गाडीत बसली, किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. मी खिडकीपाशी उभा होतो. रस्ता, पेट्रोल, पोचलीस की मेसेज कर, अशा चारदोन गोष्टी मी बोलून घेतल्या. तिने त्या सगळ्या होऊ दिल्या.

मग म्हणाली, "हो सांगून टाक सोमवारी. आणि शुक्रवारी येताना मला पण एखादं झाड घेऊन ये. कायद्यातलं आण. मलाही कुणाला तरी सांगायचं असतं."