हळदीतलं नाव

ओल्या हळदीचा वास आला की मला किन्हवलीच्या शाळेतला तो वर्ग आठवतो. आमच्या लग्नगाण्यांचा अल्बम निघणार म्हणून रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही आठ बायका आत बसलो होतो. आई पुढे म्हणायची, आम्ही मागून. हळदीच्या गाण्याला ती अडली. “नवरीचं नाव सांगा. नावाबिगर हळद लागत नाय.” रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “कुठलंही घ्या, मावशी.” आईने माझ्या धाकट्या बहिणीचं नाव घेतलं. तिचं लग्न ठरलं होतं, पण हळद लागण्याआधीच ती तापाने गेली होती. आम्हीही मागून तेच नाव म्हटलं, कुणाचाच आवाज हलला नाही. परवा मुरबाडला एका हळदीत आमचं तेच गाणं, बहिणीच्या नावासकट, स्पीकरवर लागलं. पाटावरची नवरी दुसरीच होती. मी तिला हळद लावली आणि जेवायला बसले.