लिंप म्हणजे लंगडणे

माझ्या दोन्ही पायांत जन्मापासून काहीही दोष नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण देऊळगाव राजात निम्मं गाव अजून वेगळंच समजतं.

दोष होता आमच्या दादाच्या डोक्यात. दादा चिखलीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. सरकारनं त्याला ट्रेनिंगसाठी जबलपूरला धाडलं आणि तिथून तो एक खूळ घेऊन आला. इंग्रजी शब्दाचा मराठीत अर्थ सांगायचाच नाही म्हणे, तो करून दाखवायचा! आता 'ॲपल' कसं करून दाखवणार? (सफरचंद आम्ही कोणी पाहिलंच नव्हतं. दादानंही नव्हतं.) म्हणून त्यानं चालण्याचे शब्द धरले.

"मराठी माणूस नुसता चालतो," तो नाक उडवून म्हणायचा. "इंग्रज वॉक करतो, स्ट्रोल करतो, मार्च करतो! पाय तेच, पण दर शब्दाची तऱ्हा वेगळी!"

वर्गातली पोरं खिदळायची, म्हणून सराव घरी, माझ्यावर. स्ट्रोल म्हणजे काही कामधंदा नसल्यासारखं रमतगमत चालणं. मार्च म्हणजे शिपायासारखे पाय आपटणं. स्टॅगर म्हणजे झोकांड्या खाणं, आणि लिंप म्हणजे लंगडणं. लिंप मला असं काही जमायचं की दारावरून जाणाऱ्या बायका हळहळायच्या. मला तेव्हा त्याचा अभिमान होता. (अक्कल ही वस्तू आमच्या घरात कोणाकडेच नव्हती, माझ्याकडे कुठून येणार?)

त्याच सुमारास मला दोन स्थळं आली. एक मलकापूरचं. मुलगा नागपूरला कॉलेजात, केस काळेभोर. फोटो मी चोरून पाहिला होता. दुसरं देऊळगाव राजाचं. शेतीवाडी भरपूर, पण बिजवर, आणि मिशा दोघांना वाटून घेता येतील एवढ्या. बाबांनी स्वच्छ सांगितलं, "मलकापूर जमलं तं ठीक. नाही तं देऊळगाव." मी मनातून केव्हाच मलकापूरला जाऊन राहिले होते.

मलकापूरची मंडळी आली. मुलगा, त्याचे मामा आणि त्याची आत्या. मामा रेल्वेत पार्सलबाबू, भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर. आत्याबाई सगळ्यांच्या वरच्या साहेब. मुलगी बघायची म्हणजे तिला चालवून बघायची, ही तेव्हाची रीत. पायात काही खोट असली तर लग्नाआधी कळावी म्हणून.

"पोरी, जराशी चालून दाखव," आत्याबाई म्हणाल्या.

मी चालले. छान चालले. एवढ्यावर सगळे गप्प बसले असते तर बरं झालं असतं!

पण मामांना इंग्रजीची खाज. "व्हेरी गुड वॉक!" ते म्हणाले.

झालं! दादा उसळलाच. "नुसतं वॉक कायले? तिला स्ट्रोलसुद्धा येतं!"

"असं? मग होऊन जाऊ द्या! स्ट्रोल!"

मी रमतगमत बैठकीतून एक फेरी मारली. मुलगा गालातल्या गालात हसला.

"मार्च!" मी असे पाय आपटले की फडताळातली भांडी वाजली. मुलगा आता उघड हसला आणि मी चेकाळले.

"लिंप!" दादा ओरडला.

मग मी जीव ओतला. पाय फरपटवला, कंबर वाकडी केली, चेहऱ्यावर कळ आणली. मामांनी टाळी वाजवली. आत्याबाईंचा मात्र इंग्रजीशी काही संबंध नव्हता. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अवं माय! पोरगी तं लंगडी हाये!"

"अहो, ते नाटक आहे," दादा म्हणाला. "इंग्रजी शिकवायचं."

"नाटक? मंग पयले सरळ चालली थेच नाटक असन! पढवलेलं! लंगडनं आपसूक निंगालं!"

काय ही बुद्धी! बाबांना घाम फुटला. "बाई, पुन्हा एकडाव चालून दाखव. साधं चाल. इंग्रजी नको!"

आता साधं चालणं म्हणजे काय, हेच मला आठवेना! आधी कोणता पाय टाकतात? हात हलतात की लोंबकळतात? सगळ्यांचे डोळे माझ्या घोट्यांवर. मी उजवा हात आणि उजवा पाय एकदमच पुढे टाकला, नऊवारीचा काठ अंगठ्यात अडकला, आणि मी पोह्यांच्या ताटावर पालथी पडले.

"हे स्टंबल," दादाच्या तोंडून निघून गेलं. मेल्याची सवय!

उठले तर घोटा मुरगळलेला. आता खरोखरच लंगडत आत गेले.

"पाह्यलं? सांगत नोती मी?" आत्याबाई कृतकृत्य झाल्या. मुलगा त्यांच्या मागून मुकाट चालता झाला. नागपूरच्या कॉलेजात शिकत होता, पण आत्यापुढं 'मुलगी पसंत आहे' एवढं त्याच्या तोंडून फुटलं नाही. बुळा कुठला! मी मात्र त्या बुळ्यासाठी उशीत तोंड खुपसून रडले.

घोटा बरा होतो न होतो तोच देऊळगावचे लोक येऊन ठेपले. या खेपेला मी डोकं चालवलं. लंगडी म्हणून मलकापूर पळालं, तर देऊळगावही पळेल! कोणी चाल म्हणायची वाट न बघता मी लंगडतच बाहेर आले. आईनं डोळे वटारले, बाबा खाकरले, दादा तेवढा कौतुकानं बघत बसला. (गाढव!) पोहे ठेवले, नमस्कार केला, लंगडत आत गेले. नवरदेव मिशीवरून हात फिरवत माझ्या पायांकडे बघत होते. सुटले, म्हटलं.

बाहेरून त्यांच्या आईचा आवाज आला, "आमाले पसंत हाये."

बाबांच्या हातातली सुपारी खाली पडली. "पण... तिचा पाय..."

"त्याच्यासाठीच तं! पयली, देव तिले सुखी ठेवो, दिसभर आळीत हिंडे. हे लंगडी कुठी जाते? घरात बसन!"

मी बाबांपुढे रडले, पाय आपटले, उड्या मारून दाखवल्या. बाबा म्हणाले, "आता सरळ चालली तं म्हनतीन पोरगी बदलली! लगन लागेपर्यंत लंगड." लंगडत सप्तपदी चाललेली वऱ्हाडातली मी एकटीच असेन.

सासरी गेल्यावर खरं सांगायची हिंमत होईना. मग लंगडत झाडलोट, लंगडत स्वयंपाक. विहिरीवरून घागर आणली की अर्धं पाणी वाटेतच सांडायचं. घरात बसणारी सून सासूबाईंना हवी होती, पण घरात बसून राहणारी परवडेना! त्यांनी बालाजीला नवस बोलला. सून सरळ चालू लागली तर देवळाला लोटांगण.

"कोण घालणार? तुम्ही?" मी विचारलं.

"मी कायले? पाय तुहा हाये!"

आणि एक दिवस अंगणातल्या वाळवणात बकरी शिरली. मी पदर खोचला, काठी घेतली आणि शिव्या देत तिच्यामागं आळीच्या टोकापर्यंत धावले. बकरीच्या तोंडातला पापड ओढून काढला, विजयी मुद्रेनं वळले, तर सगळी आळी हात जोडून उभी!

"बालाजी पावला!" सासूबाईंनी हंबरडा फोडला. मला त्यांनी मिठी मारली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. अशा वेळी खरं सांगणारी बाई अजून जन्मायची आहे.

पुढच्या शनिवारी ओलेत्यानं मी देवळाभोवती लोळत होते. दोन्ही बाजूंना बायकांची ही गर्दी! ज्या त्या बाईला माझ्या पावलाला हात लावायचा होता. एकीनं तर आपली दुखरी ढोपरं माझ्या टाचेला घासून घेतली. आमचे 'हे' माझी वाट मोकळी करत शेजारून चालत होते. वळणावर गर्दी मागं पडली तसे ते उपरणं सावरत खाली वाकले.

"एक सांगू? मी बैल घेतो तवा पयले पाय पाह्यतो. तुले पाह्यले आलो तवा तू येताना उजव्या पायानं लंगडली अन् जाताना डाव्या."

मी धुळीत जागच्या जागी थांबले. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कायले बोलू? म्हटलं, जिले आपला लंगडा पाय घडीभर ध्यानात राह्यत नाही, तिच्यासंगं संसार बरा होईन. सकाळचं भांडन दुपारी इसरून जाईन."

आणि ते मिशीतल्या मिशीत हसत पुढच्या बायकांना बाजूला करायला गेले. मी तोंड धुळीकडं वळवलं आणि पुढं लोळू लागले. देवानं माणसाला मोजून दोनच पाय दिलेत, आणि तेवढेही मला नीट लक्षात ठेवता आले नव्हते!