भाऊजींची सपाट वाळू

मंगळवार, १२ मार्च. सकाळी नळाला पाणी उशिरा. पुढच्या दाराच्या बिजागरीला तेल घातलं. दुपारी दुकानवाल्या बाई भाऊजींचे मासे परत न्यायला आल्या, पण शनिवारपर्यंत मुदत देऊन गेल्या.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. खालच्या मजल्यावर राहतात. हयात गवंडीकामात गेली. परांचीवरून पडले तेव्हापासून उजवा हात थरथरतो; थापी सुटली ती सुटलीच. नुसते खिडकीशी बसून असायचे. शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या या बाईंच्या घराच्या भिंती भाऊजींनीच बांधलेल्या. बाईंनी काचेची टाकी आणि कॅलोक्रोमिसची एक जोडी आणून दिली. आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यात वाळूवर राहणारे मासे. वाळू तोंडात घेतात, खाण्याजोगं ठेवतात, बाकी कल्ल्यांतून सोडतात. पिल्लं झाली तर आणखी टाक्या आणि दुकानासाठी कायमचं काम. नाही तर मासे परत. हिवाळा सरला तरी पिल्लांचा पत्ता नव्हता.

बुधवारी मी खाली गेले, तर भाऊजी टाकीत कोपरापर्यंत हात घालून लाकडी पट्टीने वाळू सारखी करत होते.

"हे काय, भाऊजी?"

"रोजचंच, वहिनी. हा दांडगट नर रात्रीत खड्डा पाडतो, मी सकाळी बुजवतो. तळ कसा, पाणसळ ठेवावी असा सपाट हवा."

"गादीवरची सुरकुती चालत नाही यांना!" जाऊ आतून ओरडली. "तो बिचारा रोज घर बांधतो आणि हे रोज पाडतात."

ती आपली टोमणा मारून गेली. भाऊजींचा हात मात्र पाण्यातच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"घरच असेल का हो, वहिनी?"

"चार दिवस राहू द्या. पाहू तरी."

पट्टी जावेने कपाटात कुलूपबंद केली. गुरुवारी खड्डा बशीएवढा झाला. भाऊजी टाकीकडे पाठ करून बसले. म्हणाले, दिसलं की हात शिवशिवतात. शुक्रवारी दोन्ही मासे खड्ड्यात घिरट्या घालत होते. शनिवारी मादीने अन्नाला तोंड लावलं नाही, गालफडं सुजल्यासारखी.

"गेली ही," भाऊजी म्हणाले.

तेवढ्यात बाई आल्या. टाकीपाशी वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"जाते कुठे? अंडी आहेत तिच्या तोंडात! ही तोंडातच पिल्लं वाढवते. आता टाकीत बोट घालायचं नाही."

"किल्ली माझ्याकडे आहे," जाऊ म्हणाली.

"पहिल्या खेपेला एखादी मादी अंडी गिळूनही टाकते हं," बाई म्हणाल्या.

"गिळू दे," भाऊजी म्हणाले. "खड्डा आहे ना? पुन्हा घालील."

बाई हसल्या. "सोमवारी दुसरी टाकी पाठवते. वाळू तुम्हीच चाळून ठेवा. बारीक हवी."

त्या संध्याकाळी मी लिहिलं: माझी पिठाची चाळण भाऊजी घेऊन गेले. नवी आणायला हवी.