भोईर डॉक्टरांचा चुकलेला अंदाज

लहान मुलाला भूल देण्याआधी विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. दमा आहे का, दात हलतोय का, सकाळपासून काही खाल्लंय का. आमचे भोईर डॉक्टर हे सगळं विचारायचे आणि मग चष्मा कपाळावर चढवून, जणू खरी तपासणी आता सुरू होते आहे अशा थाटात विचारायचे, "घरी झोपतं कसं?" आया गोंधळून जायच्या. मग हळूहळू एकेक बाहेर यायचं. कोणी बापाच्या पोटावर झोपतं, कोणी आईचा कान धरून. खारबावचा एक पठ्ठ्या तर म्हशीच्या गोठ्याकडे पाय केल्याशिवाय डोळे मिटत नसे. मी भिवंडीतल्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. पुढचा पेशंट खोळंबलेला आणि यांची म्हशीची चौकशी चाललेली! माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

डॉक्टर दापोड्याचे. घरची शेती होती, आता तिथे भावांची गोदामं आहेत. "आमचा धाकला लोकांना झोपवतो आन् वर त्याचे पैसे घेतो," असं थोरला भाऊ पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा. डॉक्टरांची भाषा एरवी शहरी, पण रंगात आले की गावची बोली बाहेर पडायची. "झोपवायचं काय, सिस्टर? झोपवनं सोपं हाय. पोर उठतंय कसं, तिथं आपली परीक्षा."

ते खोटं नव्हतं. भूल उतरताना काही मुलं फार बिथरतात. डोळे उघडे असतात, पण ओळख कुणाचीच नसते. हातपाय झाडतात, सलाईनची सुई उपसून काढतात. दुखू नये म्हणून औषध दिलेलं असूनही काहींचा आकांत थांबत नाही. आया काचेच्या दाराबाहेर उभ्या राहून ते ऐकत असायच्या, कारण आत यायला मनाई होती. मोठ्या सरांचा, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुखांचा, तसा कडक नियम होता आणि तो पाळून घेण्यात मी काही कमी नव्हते.

एकदा डॉक्टरांनी भूल दिलेल्या एका मुलाच्या घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. घर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला अगदी चिकटून. खडखडाट असा, की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. आणि त्या गोंगाटात झोळीतलं तान्हं ढाराढूर झोपलेलं! तेवढ्यात लाइट गेली, लूम बंद पडले आणि बाळ दचकून रडायला लागलं. "मशीन रुकी, के ये उठा," आई हसत म्हणाली. डॉक्टरांचा घास हातातच राहिला. "सिस्टर, सापडलं! आपली खोली शांत हाय, म्हनून पोरं घाबरतात!"

दुसऱ्याच दिवशी स्वारीच्या मोबाइलमध्ये लूमचा आवाज भरलेला. पण शुद्धीवर येणाऱ्या मुलाच्या कानाशी फोन धरायचा कुणी? आमचे हात कामात गुंतलेले. "आय धरंल की," डॉक्टर म्हणाले. मोठ्या सरांनी नाक मुरडलं, पण संशोधनापुरती सूट दिली. आणि काय सांगू, पहिलंच पोर डोळे उघडून म्हणालं, "अम्मी, पानी." रडणं नाही, झाडणं नाही. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. थोरल्या भावानं तर बॅनरच छापून आणला, 'थोर संशोधक' म्हणून. त्यावर डॉक्टरांचा फोटो तिकिटाएवढा आणि भावाचा स्वतःचा हात जोडलेला भलामोठा.

"थांब दादा, आदी नीट तपासू दे," डॉक्टर म्हणाले. रीतसर परवानगी काढली, प्रत्येक आईबापाची संमती घेतली. चिठ्ठी काढून ठरायचं, या मुलाला लूमचा आवाज, त्या मुलाला मुका फोन. फोन धरायला आई मात्र दोन्हीकडे, म्हणजे बाकी सगळं सारखं राहील. कोण किती रडतं ते मी काचेबाहेरून नोंदवायचे, आवाज चालू आहे की नाही हे मला कळू दिलं जात नसे.

हिशेब मांडला तेव्हा फरक काहीच निघाला नाही. दोन्हीकडची मुलं सारखीच शांत उठली होती.

इतका उतरलेला डॉक्टरांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, मला फार वाईट वाटलं. भाऊ म्हणाला, "हिशेबात थोरं इकरचं तिकरं कर ना, कोन बघतंय?"

"आन् उद्या कुनी डॉक्टर माझं वाचून पोराला फोन लावील, आन् आयला भायेर ठेवील, त्याचं काय?" एवढं बोलून डॉक्टर स्वतःच थबकले. मग खो खो हसत सुटले. "अगं सिस्टर, आय! दोन्हीकडं आय होती! आपन फोन मोजत बसलो!"

पण बातमी आधीच वर गेली होती. मोठ्या सरांनी बोलावून सांगितलं, "भोईर, प्रयोग फेल. आता उद्यापासून आया बाहेर."

"फेल माझा अंदाज झाला, सर. पोरं पास झाली," डॉक्टर म्हणाले. "आईमुळेच झालं, असं मी छातीठोक म्हणत नाही. त्याचा पुरावा अजून अर्धाच आहे. पण उरलेला अर्धा मिळेपर्यंत त्यांना बाहेर काढू नका. हवं तर आत्ताच येऊन बघा."

हर्नियाचं ऑपरेशन झालेली चार वर्षांची एक मुलगी तेव्हा आत शुद्धीवर येत होती. आई रुखसाना पलंगावर वाकून उभी होती. हातात फोन नव्हता, काहीच नव्हतं. मोठे सर दारातून जरा दरडावूनच म्हणाले, "आप यहाँ क्या कर रही हैं?"

रुखसाना घाबरली, पण हलली नाही. "कुछ नहीं, साहब. आँख खोले तो मैं दिखूँ, बस."

मुलीनं डोळे उघडले. आईकडे पाहिलं, कुशीवर वळली आणि पुन्हा झोपली. मोठे सर तिथेच घुटमळले. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, किती वेळ वाकून उभी राहील ती? एक खुर्ची द्या तिला."

माझे डोळे भरून आले होते, पण डॉक्टरांना तेवढ्यानं कुठलं समाधान? "दोन द्या, सर. बाप पण आलाय, ड्युटी सोडून. बाहेर उभा आहे."

"आधी बापाचा पुरावा आणा, मग दुसरी खुर्ची मागा," मोठे सर हसत म्हणाले.

आता डॉक्टर मुंबईला मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले आहेत आणि त्यांच्यावाचून आमचं थिएटर फार शहाण्यासारखं चालतं, मला ते मुळीच आवडत नाही. त्या दिवशी सर चेष्टेत बोलले होते. डॉक्टर मात्र "चालंल, आनतो," म्हणून तडक बाहेर गेले आणि त्या बापाचा हात धरून त्याला आत घेऊन आले. मी मुकाट्यानं दुसरी खुर्ची आणायला गेले.