नावाची ओळ

हे मी माझ्या वडिलांनाही सांगितलेलं नाही, आणि त्यांच्यापासून लपवलेलं माझ्याकडे दुसरं काहीच नाही. लिहायला बसले तेव्हा आधी दोन पानं वेगळ्याच विषयावर लिहिली — पॉडकास्टमुळे शिकवणं कसं बदलतं, मुलं कशी बोलती होतात. चांगली झाली होती ती पानं. फाडली. मी पुन्हा तेच करत होते — चांगल्या गोष्टीच्या आड उभी राहत होते.

पण थोडं त्याबद्दलही सांगावं लागेल, नाहीतर मी काय मोडलं ते तुम्हाला कळणार नाही.

वडील नगरला छापखान्यात कामाला होते. शहराचं नाव आता बदललंय, आमच्या घरात अजून नगरच. आठवडाभर लग्नपत्रिका छापायचे, आणि सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीने पत्रकं — हमालांची, विड्या वळणाऱ्या बायकांची, पाणीपट्टीच्या विरोधातली. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्यांचा एकच नियम होता. पत्रकाखाली काढणाऱ्याचं नाव पाहिजे. एकदा एक ओळखीचा माणूस बिननावाचं पत्रक घेऊन आला, मजकूर अगदी खरा होता, तरी वडिलांनी परत पाठवला. म्हणाले, "नाव द्यायला भीती वाटती तर दुसऱ्याच्या दारात कागद कशाला टाकतो?"

मी सात-आठ वर्षांची असेन. ते वाक्य मी पुढे किती भाषणांत वापरलं असेल, मोजदाद नाही.

तर — नेवासा तालुक्यातलं, प्रवरेजवळचं एक गाव. नाव सांगत नाही. तिथल्या शाळेत मी तासिकेवर शिकवायला लागले. आठवीचा वर्ग. मुलं वाचायची, पण वाचलेलं तोंडातून बाहेर यायचं नाही. फळ्याकडे बघून 'हो मॅडम' म्हणायची, बस. मग मी मोबाईल आणि एक कॉलरला लावायचा स्वस्तातला माइक घेऊन पॉडकास्ट सुरू केलं. नाव ठेवलं 'मधली सुट्टी'. धडा झाला की त्यावर मुलांनी गावातल्या कुणाला तरी प्रश्न विचारायचे आणि ते रेकॉर्ड करायचं. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाची कोठी — गोण्यांमुळे आवाज घुमायचा नाही. तयार झालेला भाग पालकांच्या ग्रुपवर जायचा. कांदा काढायला गेलेल्या बाया बांधावर मोबाईल ठेवून ऐकायच्या. "माझी पोरगी कशी बोलती बघ, जशी रेडिओवरचीच." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. शिकवण्याचं याहून मोठं बक्षीस असतं का?

आणि वडिलांचा नियम मी तिथेही लावला. प्रत्येक भागाच्या शेवटी विचारलं कुणी, सांगितलं कुणी आणि प्रश्न लिहिले कुणी, हे बोलायचंच. मुलं त्याला 'नावाची ओळ' म्हणायची. ती ओळ नसेल तर भाग पाठवायचा नाही, असं मीच फळ्यावर लिहिलं होतं. खडूने, कोपऱ्यात, चौकट काढून. कुणीही पुसायचं नाही, असंही खाली लिहिलं होतं.

नाझिया त्या वर्गातली. घरी दखनी बोलायची, गावात गावासारखी, आणि माइक लावला की दोन्हीच्या मधली, स्वतःची अशी एक बोली. तिचे वडील सलीमभाई दुधाचा टेम्पो चालवायचे. टेम्पो तात्यांचा. तात्या म्हणजे गावातल्या दूध संकलन केंद्राचे मालक, आणि शाळा समितीचे अध्यक्ष. आमची तासिका पुढच्या वर्षी चालू ठेवायची की नाही, हेही तेच ठरवायचे. हे कारण म्हणून सांगत नाही. कोण कुठे उभं होतं ते कळावं, म्हणून.

विज्ञानात पाण्याचा धडा होता. तात्यांची मुलाखत घ्यायची ठरली, गावाची पाणीयोजना त्यांच्याच काळात झालेली. मुलांनी चार प्रश्न लिहिले. साधे, चांगले. टाकी किती मोठी, पाणी येतं कुठून. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, वाचून होकार दिला.

पाचवा प्रश्न मी लिहिला. निघायच्या आधी, वहीचं पान फाडून. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नव्हतं — दोन वर्षं. मोठ्या मुली सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत, म्हणजे जावं लागणार नाही. महिन्यातले चार दिवस घरीच. आणि शाळेच्या पाण्याच्या लाइनीलाच जोड देऊन तात्यांच्या अंगणातल्या गुलाबांना पाणी जात होतं. सगळं गाव बघत होतं. मी ते नीट, पत्रकात लिहितात तसं लिहिलं — छोटं आणि उत्तर टाळता येणार नाही असं.

नाझियाने चिठ्ठी वाचली. घडी घातली, उघडली, पुन्हा वाचली.

"मॅडम, हे मी इचारू? अब्बा तात्यांच्या टेम्पोवर हायेत."

मी म्हणाले, "विचार. शेवटी माझं नाव येणारच आहे ना? मी आहे."

मी आहे. दोन शब्द. तुम्हीही कुणाला तरी म्हटले असतील, आणि बहुतेक पाळलेही असतील.

तात्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. चार प्रश्नांची उत्तरं हसतखेळत दिली, मध्येच सगळ्यांना पेढे दिले. मग नाझियाने पाचवा विचारला. आवाज जरासुद्धा हलला नाही. अंगणात पाइप चालूच होता, तो आवाजही रेकॉर्डिंगमध्ये आलाय. तात्यांनी पेढ्यांचा डबा बंद केला. मग म्हणाले, "ये सलीमची, कुनी शिकिवलं गं तुला हे?"

तिने माझ्याकडे बघितलं.

मी मोबाईलकडे बघितलं. आवाजाची हिरवी पट्टी वरखाली होते का, ते तपासत असल्यासारखं.

"पानी तर समद्यांनाच लागतंय की तात्या," ती म्हणाली. तात्या मोठ्याने हसले, विषय लाइटबिलाकडे नेला, आणि आम्ही परत आलो. कोठीत बसून तिने नावाची ओळ म्हटली. एका दमात. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

त्याच दुपारी, चार वाजता, शिक्षकखोलीत चहा पीत पीत मी तो भाग कापायला बसले. आता नीट ऐका, कारण मी आजवर याच्याभोवतीच फिरत आले आहे. मी पाचवा प्रश्न कापला नाही. तो कापला असता तर मी नुसती भित्री ठरले असते, आणि ते चाललं असतं. प्रश्न मी ठेवला — तो सगळ्या गावाने ऐकावा असं मला वाटत होतं, त्याचा मला अभिमान होता. मी कापली ती नावाची ओळ. सात सेकंद. बोटाने दोन खुणा केल्या, मधला तुकडा गेला, पुढचा-मागचा आवाज इतका बेमालूम जुळला की माझ्या मलाच कौतुक वाटलं. दगड मारायचा होता. हात दिसायला नको होता.

भाग ग्रुपवर गेला. संध्याकाळपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता.

तात्या आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांनी मोठ्या सरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सलीमभाईंना बोलावलं होतं, नाझियाही होती, भिंतीला टेकून. मोठ्या सरांनी मला विचारलं, "चार प्रश्नांना मी परवानगी दिली होती. हा पाचवा कुणाचा?"

मी म्हणाले, "सर, प्रश्न मुलंच तयार करतात. आपली पद्धतच आहे तशी."

बघा, या वाक्यात एकही खोटा शब्द नाही. आजही ते कुणाला खोटं ठरवता येणार नाही. खोटं बोलायचं तर असं, हे मला कुणी शिकवलं? पत्रकांनी तर नक्कीच नाही.

सलीमभाई म्हणाले, "पोरगी लई बोलाया लागलीय सर. चूक झाली आमची." हात जोडले. तिच्यासाठी — आणि खरंतर माझ्यासाठी, त्यांना कल्पना नसताना. नाझिया काहीच बोलली नाही. तिला बोलता आलं असतं. तिच्या दप्तरात माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती. ती का गप्प बसली, मला आजही माहीत नाही. मी उत्तरं तयार करून बघितली आहेत, सगळी माझ्या सोयीची निघतात.

चार दिवसांनी टेम्पोवर दुसरा माणूस आला. सलीमभाईंनी घर श्रीरामपूरला हलवलं, नाझियाच्या मामांकडे. जायच्या आदल्या दिवशी ती माइक परत द्यायला आली. वायर नीट गुंडाळून रबर लावलं होतं.

"मॅडम, नावाची वळ ऱ्हायली."

तक्रारीचा सूर नव्हता. वहीतली चूक दाखवावी तशी म्हणाली. मी म्हणाले, "एडिटिंगमध्ये गेली असेल गं." तिने मान डोलावली. फळ्याच्या कोपऱ्यातली चौकट तिने बघितली की नाही, मी बघितलं नाही.

इथे संपलं असतं तरी पुरे होतं. संपलं नाही. महिन्याभरात मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आलं — गावात बोभाटा झाला होता, तात्यांना नवी जोडणी द्यावी लागली. आणि मी लेख लिहिला. एका मासिकात आला, मग लोकांनी त्याचं पत्रक करून वाटलं. एका प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा गावाने कसा विश्वासघात केला, व्यवस्था आवाज कसे दाबते, असा. फार गाजला. मी सभांमधून बोलले, एकदा बोलताना माझा गळा दाटून आला — तो खरंच दाटला होता, हे सगळ्यात वाईट. विश्वासघात या शब्दावर मी दरवेळी जोर द्यायचे. लेखाखाली माझं नाव होतं, जाड टाइपात. वडिलांनी ते पत्रक लॅमिनेट करून घरात लावलंय. आलेल्या प्रत्येकाला दाखवतात. नावावर बोट ठेवून.

नाझिया आता शाळेत जाते की नाही, मला माहीत नाही. चौकशीला एक फोन पुरे. दोन वर्षं झाली.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. कापण्याआधीचं. मोबाईल बदलला तेव्हा पुसलं नाही, नव्यात घेतलं. शेवटच्या सात सेकंदांत तांदळाच्या कोठीत बसलेली एक मुलगी एका दमात, जराही न अडखळता म्हणते — विचारलं नाझियानं, सांगितलं तात्यांनी, पयले चार प्रश्न आठवीच्या मुलांनी लिवले, पाचवा आमच्या मुक्ता मॅडमनी.