नाक्यावरचं गाऱ्हाणं

आमच्या सर्विस मोटारीचा डायवर चढणीला मोटारीलाच म्हणायचा, “चल गो बाय, म्हायेराक चाललंस!” देवाची वेस आली की गाऱ्हाणं घालायचा, नि आमी म्हावरंवाल्या बायका “व्हय म्हाराजा” म्हणायचो.

एकदा नाक्यावर गोऱ्या पोलीस सायबानं अडवलं. गोऱ्यांच्या मोटारी सरळ जात व्हत्या, आमाला मात्र उन्हात उतरवलं. माजा घरधनी दर्यात बुडून गेलेला, पोरं पाटीवर जगायची, नि पाटीतलं म्हावरं तापायला लागलं. डायवर विनवायला गेला तर सायब इंग्रजीत खेकसला. मराठी तेला कळायची नाय, मोडकी हिंदुस्थानी तेवढी कळायची.

मग डायवरानं हात जोडले नि सूर लावला, “बा म्हाराजा, ह्या तांबड्या तोंडाच्याला अक्कल दे!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्याच्या इजारीत मुंगळे सोड!”

“व्हय म्हाराजा!”

सायबाच्या बाजूला घाटावरचा हवालदार हुबा व्हता, तेला सगळं कळलं. मिशी चावत तो सायबाला म्हणाला, “हुजूर, आपकी पूजा करता है.” सायब खूश! हातानंच ‘जावा’ म्हणाला.

मोटारीत आमी हसून हसून लोळलो. पुढल्या वळणावर डायवरानं मोटार थांबवली.

“वयनी, जरा पाणी देवा.”

तेनं तांब्या धरला तर अर्धं पाणी अंगावरच सांडलं. तांब्या मीच तेच्या तोंडाला लावला.