पाचचं जाड नाणं

धोंडीबा शेलारला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने एका माणसाची गचांडी धरली होती. ठाण्यात एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं आणि गचांडी धरलेला माणूस तिथला विक्रेता होता. टांकसाळीचं प्रूफ नाणं म्हणून तो मला एक स्मारक नाणं विकत होता. प्रूफ म्हणजे खास संग्राहकांसाठी पाडलेलं, तोंड दिसेल इतकं चकचकीत नाणं. ते बाजारात चालवायचं नसतं, डबीतून काढून हाताळायचंही नसतं, कारण बोटाचा ठसा एकदा उमटला की जात नाही. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली, निवृत्त झाल्यावर घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून हाच उद्योग लावून घेतला, आणि तरी मला कसलाही संशय आला नव्हता. मी पाकीट काढत होतो.

"कड बघा, कड," कॉलर न सोडता धोंडीबा मला म्हणाला. "प्रूफवर दोनदा ठोका मारतात. कड कशी काटकोनात उठते. ही गोल आहे. साध्या नाण्याला पॉलिश मारलंय ह्याने."

"तू कोण रे सांगणारा?" विक्रेत्याने विचारलं. धोंडीबाने त्याला उचलून त्याच्याच टेबलावर आडवा घातला. काच फुटली, अल्बम खाली पडले, विक्रेत्याच्या ओठातून रक्त आलं. मी भांडणात पडणारा माणूस नाही. पण त्या दिवशी मीही त्या लबाडाला दोन अस्सल शिव्या हासडल्या आणि मला फार बरं वाटलं. आमची ओळख झाली ती अशी.

तो कोण होता, ते त्याने मला नंतर चहा पिताना सांगितलं. मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये तो एकतीस वर्षं पॉवर प्रेस चालवत होता. खाली साचा, मध्ये पत्रा आणि वरून काही टनांचा ठोका. एका ठोक्याला एक वॉशर. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अशाच एका ठोक्यात गेली होती, तेव्हा मशीन पायाच्या पेडलवर चालायचं. "दुखलं नाही," तो म्हणाला. "आधी आवाज बदलला. मग मी खाली बघितलं."

डोंबिवली पूर्वेला त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात नाण्यांच्या डब्या, खालच्या कप्प्यात त्याची बायको मालन हिच्या साड्या. "ह्यांना माझा वाढदिवस आठवत नाही," मालनवहिनी मला म्हणाल्या, "पण टांकसाळीच्या नव्या नाण्यांचं बुकिंग कधी उघडतंय ते बरोब्बर आठवतं." धोंडीबा एकेक डबी ट्यूबलाइटखाली धरायचा आणि मला नाण्यावरचं चित्र सोडून भलतंच दाखवायचा. धातू कुठे किती भरलाय, अक्षराची धार कशी आलीय. "टांकसाळीत पण प्रेसच असते, आनंदराव. ठोकाच असतो. पण ह्या ठोक्यात कोणाचं बोट नाही गेलेलं." असं बोलताना त्याचा तो राकट चेहरा अगदी निवळायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. माझ्याकडे त्याच्या दुप्पट नाणी होती आणि मला त्यांत नुसत्या किमती दिसायच्या.

त्याची बोटं गेल्यावर शेठने पेडल काढून दोन बटणं बसवली होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोका पडणार, म्हणजे हात साच्यात राहूच शकत नाही. पण त्यामुळे काम निम्म्यावर आलं. शेठ रोज ओरडायचा, सुपरवायझर पोपट तर आईबहिणीवरून ओरडायचा. मग धोंडीबानेच युक्ती काढली. बटणाच्या आणि त्याभोवतीच्या कड्याच्या फटीत पाच रुपयांचं जुनं जाड नाणं दाबून बसवायचं. नवं पाचचं पातळ असतं, ते निसटतं. जुनं घट्ट बसतं आणि बटण दाबलेलंच राहतं. एक हात मोकळा होतो, पत्रा सरकवायला. नाण्याची जाडी नखाने ओळखणाऱ्या माणसालाच हे सुचणार. शेडमधल्या सगळ्यांना त्याने ते शिकवलं आणि शेठने खूश होऊन जुन्या पाचांची एक थैलीच आणून दिली.

रसिका त्या शेडमध्ये तीन वर्षं होती. वय सव्वीस, नवऱ्याला सोडून आईकडे राहिलेली, जिभेने तिखट. सगळे धोंडीबाला मामा म्हणायचे, तीही म्हणायची. तिलाही त्याने नाणं लावायला शिकवलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी तिचा उजवा हात प्रेसखाली गेला. पत्रा तिरका बसला म्हणून तिने तो सरळ करायला हात आत घातला आणि डावा तळवा सवयीने दुसऱ्या बटणावर पडला. धोंडीबा शेजारच्या मशीनवर होता. ठोका मारणारा रॅम वर गेला तेव्हा हाताचं पंजासारखं काही राहिलं नव्हतं. पोपट पाण्याची बादली घेऊन मशीन धुवायला धावला. पोरगी जमिनीवर पडलेली आणि हा मशीन धुतोय. धोंडीबाने ती बादली हिसकावून त्याच्याच डोक्यात हाणली, मग स्वतःचा शर्ट फाडून रसिकाचं मनगट आवळलं आणि तिला रिक्षात घातलं. डॉक्टरांनी मनगटापासून हात काढला.

कारखाने निरीक्षक पुढच्या आठवड्यात येणार होते. त्याआधी शेठ धोंडीबाच्या घरी आला. त्याने एक कागद आणला होता आणि एक निळी मखमली पेटी. कागदावर लिहिलं होतं की रसिकाने स्वतःच्या मनाने बटणात नाणं घातलं आणि धोंडीबा शेलार यांनी तिला तसं न करण्याची वारंवार समज दिली होती. खाली त्याच्या सहीसाठी जागा. पेटीत तंजावरच्या मंदिराचं हजार रुपयांचं चांदीचं प्रूफ नाणं होतं. ते बुकिंग धोंडीबाचं हुकलं होतं आणि त्याचं दुःख त्याने मला निदान वीस वेळा ऐकवलं होतं. सही झाली असती तर सगळा दोष रसिकाचा ठरला असता. हात तर गेलाच होता, वर बेजबाबदार म्हणून शिक्काही बसला असता.

धोंडीबाने मला बोलावून विचारलं, "काय करू, आनंदराव?"

इथे मला खोटं लिहायचं नाही. मी आधी नाणं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणालो, "सही करा. तिचा हात काही परत येणार नाही. उलट खरं सांगितलंत तर तुम्हीच आत जाल, शिकवलं तुम्ही." मी हे मित्राच्या काळजीपोटी बोललो असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. ते नाणं अधूनमधून बघायला मिळावं म्हणून बोललो होतो. माझीच मला किळस येते.

 चार दिवस पेटी धोंडीबाच्या कपाटात होती. मालनवहिनी सांगत होत्या, त्या चार दिवसांत त्याने ती एकदाही ट्यूबलाइटखाली धरली नाही.

निरीक्षक आले त्या सकाळी मी शेडच्या दारात उभा होतो. मला धोंडीबानेच यायला सांगितलं होतं. मशीन चकाचक पुसलेलं, भिंतीवर सुरक्षेच्या नव्याकोऱ्या पाट्या. शेठ सांगत होता की मुलगी जरा उतावळीच होती. धोंडीबाने मखमली पेटी शेठच्या टेबलावर आपटली, कागद फाडला आणि रसिकाच्या मशीनपाशी गेला. खिशातून जाड पाचचं काढून त्याने ते बटणाच्या फटीत अंगठ्याने बसवलं. साच्यात लाकडाचा एक ठोकळा ठेवला. मग एका हाताने दुसरं बटण दाबलं. ठोकळ्याच्या ढलप्या निरीक्षकांच्या बुटांपर्यंत उडाल्या.

"असं, साहेब," धोंडीबा म्हणाला. "हे मी काढलं. तिला मी शिकवलं. आणि ह्या नाण्यांची थैली शेठने दिली, त्यांच्या ड्रॉवरमध्ये अजून आहे. लिहून घ्या."

पोपटने मागून लोखंडी पट्टी उचलली. पहिला फटका धोंडीबाच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. दुसरा फटका पडायच्या आत धोंडीबाने वळून त्याचं डोकं शटरवर आपटलं, एकदा आणि परत एकदा, आणि सोडून दिलं. निरीक्षक ओरडत होते. शेडमधल्या बायका मात्र एकीपाठोपाठ एक आपापल्या खिशातली, पदराच्या गाठीतली पाचची नाणी काढून निरीक्षकांसमोर ठेवत होत्या. ड्रॉवरमधली थैलीही सापडली.

गुन्हा शेठवर नोंदवला गेला, आणि धोंडीबावरही. नोकरी त्याच दिवशी गेली. दहा दिवसांनी हात गळ्यात बांधून तो रसिकाच्या चाळीत गेला, मला बरोबर घेऊन. रसिका खाटेवर बसली होती. उजवं मनगट पांढऱ्या पट्टीत. तिच्या आईने पाणी दिलं.

"रसिका," तो म्हणाला, "नाणं मी शिकवलं असं लिहून दिलंय मी. आता तुझी चूक कोणाला म्हणता येणार नाही."

 रसिका उठली आणि तिने डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. तो हलला नाही. तिने परत मारली. हात नीट लागत नव्हता, एक फटका कानावर गेला, एक मानेवर. "मामा म्हणायचे मी तुम्हाला," ती म्हणत होती. आई तिला धरायला धावली तर धोंडीबाने आईलाच हाताने थांबवलं. दमल्यावर ती खाली बसली आणि रडायला लागली.

चाळीचा जिना उतरताना त्याचा गाल लाल झाला होता. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्याने मला मध्येच तोडलं.

"डाव्या हातात जोर नाही अजून तिच्या," तो म्हणाला. "उद्या परत येतो. रोज येईन. होईल सवय हाताला."